फोटो स्टुडिओतला कोच

जुन्या खुर्च्या आणि कोच विकणाऱ्या त्या दुकानाला एकच पायरी होती. ती चढताना वहिनींनी दाराची चौकट धरली, उजवा पाय वर घेतला, जरा दम खाल्ला आणि मग डावा ओढून घेतला. आतून ठकी बघत होती. वहिनींचे गुडघे गेलेत हे तिच्या तेव्हाच ध्यानात आलं, आणि तिला बरं वाटलं.

ठकी हे तिचं घरातलं नाव. बाहेर तिला सगळे कोचवाल्या बाई म्हणत. मोडकळीला आलेले कोच, आरामखुर्च्या ती कुठून कुठून शोधून आणायची, वरचं कापड फाडून आतला काथ्या नि कापूस उपसायची, स्प्रिंगा नव्याने बांधायची आणि नवं कापड चढवून विकायची. गिऱ्हाईक बहुधा कापडावरच भुलायचं. ठकी त्याला आधी कोच उलटा करून दाखवायची. लाकडाला टाचणीने टोचल्यासारखी भोकं आहेत का, त्यातून भुसा गळतो का, हात दाबला की सांधा कुरकुरतो का, आतून कुबट वास येतो का, सगळं त्याला स्वतः बघायला लावायची. आणि मग बसवायची. नुसतं टेकायचं नाही, चांगला एक कप चहा संपेपर्यंत बसायचं. चहा संपला की म्हणायची, "आता कुणाचा हात न धरता उठा." ज्याला उठता यायचं नाही त्याला ती तो कोच विकत नसे, मग त्याने कितीही गळ घालू दे. या हट्टापायी काही गिऱ्हाइकं तुटली होती आणि त्याहून जास्त जोडली गेली होती.

हा हट्ट आईमुळे आलेला. आईची कंबर दुखायला लागली तेव्हा ठकीने तिच्यासाठी एक खुर्ची भरली होती. बैठक उंच, पाठ सरळ, आणि हात पुढे गोल वळवलेले, म्हणजे मुठीत धरून उठता यावं. आई दादाकडे राहायची. खुर्ची त्याच्या हॉलमध्ये खिडकीपाशी असायची आणि आई दिवसभर खुर्चीत. पुढे कापडावर चहाचे, तेलाचे डाग पडले, एका कोपऱ्यातून काथ्या डोकवायला लागला. मग एक दिवस खुर्ची हॉलमधून गेली आणि तिच्या जागी जमिनीला पोट टेकलेला नवाकोरा सोफा आला. आई त्याच्यावर बसायला लागली. एका दुपारी घरात कुणी नसताना ती उठायला गेली, आधाराला हाताशी काही लागलं नाही, आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर तिने अंथरूण धरलं ते धरलंच.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ठकीने दादाला विचारलं होतं, खुर्ची कुठे गेली. दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. म्हणाला, "हिला ती हॉलमध्ये नको होती. शोभत नव्हती म्हणे." वहिनी तिथेच औषधांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, मान खाली घातली आणि चकार शब्द काढला नाही. ठकीला तेवढी कबुली पुरली.

ती भांडली नाही. भांडून राग खर्च होतो, आणि तिला तो खर्च करायचा नव्हता. आई गेल्यावरही ती दादाकडे जात राहिली, वहिनींच्या हातचं जेवली, त्यांच्या नव्या पडद्यांना छान म्हणाली. घरी येऊन मात्र चूळ भरायची, जणू तोंडात काही कडू राहिलंय.

आणि आता वहिनी आपल्या पायांनी दुकानात आल्या होत्या.

त्यांनी मोठं घर घेतलं होतं आणि मुलीचं लग्न ठरलं होतं. सासरची माणसं घर बघायला येणार, तेव्हा हॉलमध्ये शिरताक्षणी त्यांची नजर ठरली पाहिजे असं वहिनींचं म्हणणं होतं. नवं फर्निचर काय, कुणाकडेही असतं. त्यांना जुनं हवं होतं, खानदानी वाटणारं. कोरीव पाठ हवी, मखमल हवी, आणि रंग असा की दारातून बोलावेल.

"बैठक किती उंच हवी?" ठकीने विचारलं.

"उंच नको गं. उंच म्हणजे दवाखान्यातल्यासारखं दिसतं. छान खाली असू दे, ऐसपैस."

ठकीने मान डोलावली. आपण शोधून ठेवू म्हणाली. वहिनी चौकट धरून पायरी उतरल्या आणि ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. इतकी वर्षं हिच्यावर उट्टं कसं काढावं याचा तिने पुष्कळ विचार केला होता, पण सुचलेलं सगळं एक तर फार मोठं होतं नाहीतर फार क्षुद्र. आज वहिनींनी स्वतःच तोंडाने मागितलं होतं.

कोच तिला एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत मिळाला. जुन्या काळी माणसं नटूनथटून तिथे फोटो काढायला यायची. मालकाच्या मुलाने सांगितलं की बसलेल्या आणि मागे उभ्या राहिलेल्या माणसांची डोकी एका चौकटीत यावीत म्हणून आजोबांनी कोचाचे चारही पाय कापून घेतले होते. बसणं दोन मिनिटांचं, त्यामुळे कुणी कधी तक्रार केली नाही. पाठीवर वेलबुट्टी कोरलेली होती, हातांना हंसाच्या माना होत्या, आणि लाकूड असं ठणठणीत की कुठे किडीचा मागमूस नाही. ठकी त्यावर बसली. तिचे गुडघे छातीशी आले. उठताना तिला दोन झोके घ्यावे लागले, आणि तिचे गुडघे अजून धड होते.

दुकानात आणून तिने तो जीव ओतून सजवला. इतकं मन लावून तिने कधी काम केलं नव्हतं. पॉलिशचे हातांवर हात चढवले. मखमल गडद हिरवी घेतली, बोट फिरवलं की मागे रेघ उमटणारी. स्प्रिंगा बदलायच्या होत्याच, तेव्हा तिने मऊ घेतल्या. बैठक जरा खोलही केली, म्हणजे मागे टेकावं तर पाय जमिनीवरून उचलले जावेत. एकेक स्प्रिंग बांधताना ती दोरी दातांनी ओढायची आणि मनात म्हणायची, बसा आता.

वहिनी कोच बघायला आल्या आणि दारातच थबकल्या. जवळ जाऊन मखमलीवर हात फिरवला, मागे सरून डोळे बारीक करून पाहिलं, हंसांच्या माना कुरवाळल्या. बसल्या मात्र नाहीत. ठकीनेही बसा म्हटलं नाही. चहा विचारला नाही, कोच उलटा करून दाखवला नाही. वहिनींनी सहज विचारलं की आरामशीर आहे ना, तर ती म्हणाली, "बसलं की उठावंसं वाटणार नाही." यात खोटं काहीच नव्हतं.

कोच नव्या घरी गेला. येणारा-जाणारा वाखाणायला लागला. वहिनी फोनवर कौतुकं सांगायच्या आणि ठकी हं हं करत ऐकायची. ती पहिल्यांदा बघायला गेली त्या दिवशी वहिनी अवचित त्यावर बसल्या होत्या. बोलणं झालं, दारावरची बेल वाजली, आणि वहिनी उठायला लागल्या. आधी पुढे झुकल्या. मग हंसाच्या मानेला धरलं, पण मान गुळगुळीत, हात सटकला. मग एका कुशीवर वळून, गुडघा कोचावर टेकवून, लहान मूल पलंगावरून उतरतं तशा उतरल्या. चेहरा लाल झाला होता. बेल पुन्हा वाजली.

"मऊ आहे फार," वहिनी हसून म्हणाल्या.

"मखमल आहे ना," ठकी म्हणाली. त्या दिवशी घरी येऊन तिने चूळ भरली नाही.

पुढच्या खेपेला तिने पाहिलं, वहिनी जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची आणून बसत होत्या आणि कोचाचं कौतुक तसंच चालू होतं. कोचावर संध्याकाळी दादा पेपर घेऊन पडायचा. ठकीला यात दुहेरी मजा वाटली. स्वतःच्या हॉलमध्ये वहिनींना पाहुण्यासारखं एका कडेला बसावं लागत होतं, आणि तोंडातून ब्र काढायची सोय नव्हती.

मग भाचीच्या सासरची माणसं चहाला यायची ठरली. कोच निवडून देणारी म्हणून ठकीलाही आग्रहाचं बोलावणं होतं. ती जरा लवकरच गेली आणि भिंतीलगतच्या एका साध्या खुर्चीत बसली. तिला वाटत होतं की आज वहिनींना चारचौघांत त्या कोचावर बसावंच लागेल. विहिणीशेजारी बसायचं नाही तर कुठे बसायचं? आणि बसल्या की सगळ्यांदेखत उठावंही लागेल.

विहीणबाई आल्या त्या काठी टेकत. लहानखुऱ्या, सत्तरीच्या, पांढऱ्या केसांच्या. मुलगा उशिरा झालेला असणार. वहिनी दोन्ही हात पसरून पुढे गेल्या, हॉलमधली सगळ्यात चांगली जागा म्हणून त्यांना थेट कोचापाशी नेलं आणि बसवलं. काठी कोपऱ्यात ठेवून आल्या. स्वतः बसल्या नाहीत, चहाच्या गडबडीत उभ्याच राहिल्या. विहीणबाई मखमलीत अशा बुडाल्या की त्यांचे पाय लोंबायला लागले.

हे तिच्या हिशोबात नव्हतं.

चहा झाला, गप्पा झाल्या, दादाने नव्या घराचं वर्णन केलं. मग विहीणबाईंना हात धुवायचे होते. त्या पुढे सरकल्या. उजवा हात काठीसाठी बाजूला गेला, तिथे काठी नव्हती. डावा हंसाच्या मानेवरून घसरला. मग दोन्ही हात समोर हवेत काहीतरी शोधायला लागले, बोटं उघडी. सगळे हसून बोलत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी जोर करून एक झोका घेतला, अर्ध्या उठल्या आणि एका बाजूला कलंडल्या.

ठकी खुर्चीवरून कशी उठली ते तिलाही कळलं नाही. तिने त्यांना काखेत धरलं. दोघी मिळून कोचावर आदळल्या, कपबशी खाली पडून फुटली, चहा गालिचावर सांडला. विहीणबाईंना काही लागलं नाही.

मुलाने येऊन आईला उभं केलं, हातात काठी दिली. वहिनी पुन्हा पुन्हा माफी मागत होत्या. विहीणबाईंनी पदर सारखा केला आणि कोचाकडे वळून पाहिलं.

"दिसायला सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या. "पण या घरात माणसाला बसवतात, उठवायचं कुणाच्या मनात दिसत नाही."

त्या हे हसून बोलल्या, पण नंतर बसल्या नाहीत. निघेपर्यंत काठीवर भार टाकून उभ्याच राहिल्या, आणि वहिनींचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. जे ठकीला इतकी वर्षं हवं होतं ते झालं होतं, आणि बघायला ती समोर हजर होती. तरी ती खाली बसून कपाचे तुकडे वेचत राहिली.

पाहुणे गेल्यावर वहिनींनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"मुद्दाम केलंस," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला वाटलंच होतं तू काहीतरी करशील. म्हणून कोच घरी आला त्या दिवशी सुताराला बोलावून लाकूड न् लाकूड ठोकून तपासून घेतलं. तो म्हणाला, बाई, असा माल आता मिळत नाही." वहिनींनी फुटलेली बशी कचऱ्याच्या डब्यात टाकली. "उंचीचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"तेव्हाही आलं नव्हतं. आईची खुर्ची काढलीत तेव्हा."

वहिनी ओट्याला टेकल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "ती खुर्ची मी काढली नाही."

ठकीला पहिल्यांदा वाटलं, ही आता अंगावरचं झटकतेय. पण वहिनी सांगत गेल्या. त्या दिवशी त्या कामावर होत्या. दादाच्या साहेबांना जेवायला बोलावलेलं होतं, आणि हॉलमध्ये डागाळलेली, काथ्या बाहेर आलेली खुर्ची त्याला नको होती. वहिनी घरी आल्या तोवर भंगारवाला ती घेऊन गेला होता. खुर्ची चांगली दिसत नव्हती हे त्यांनाही मान्य होतं, त्यांनी तसं चारदा बोलूनही दाखवलं असेल. पण म्हाताऱ्या माणसाची बसायची जागा काढून घ्यावी एवढ्या त्या वाईट नव्हत्या.

"मग व्हरांड्यात गप्प का बसलात?"

"तो काय बोलतोय तेच मला क्षणभर कळेना. घरी आल्यावर माझ्यापुढे रडला. म्हणाला, आई चाललीच आहे, ठकीला कळलं तर तीही जाईल. मला वाटलं, ठके, तुझं नि माझं तसंही फार सख्य नव्हतं. माझं काय जाणार होतं?" वहिनींनी नळ उगाच सोडला आणि बंद केला. "पुढे सवय झाली. तुला रागाची, मला तो सोसायची."

ठकी म्हणाली की आपण हे का खरं मानावं.

"आईंना विचारता येत नाही आता. पण रडताना तोच म्हणाला, खुर्ची उचलताना त्यांनी विचारलं होतं, कुठे नेताय म्हणून. त्याने सांगितलं, ठकीकडे. दुरुस्तीला. ती नवं कापड घालून पाठवेल."

ठकीने ओट्याची कड धरली. हॉस्पिटलात आई तिला पुन्हा पुन्हा एकच विचारायची, झाली का गं खुर्ची? ठकीला वाटायचं, औषधाच्या गुंगीत बरळतेय. ती आईच्या कपाळावर हात ठेवून म्हणायची, होईल हं, झोप तू. आई शेवटपर्यंत खुर्चीची वाट बघत होती, आणि तिच्या लेखी खुर्ची अडवून ठेवली होती ती लाडक्या लेकीने. आईचा तो प्रश्न ठकीने कुणालाही कधी सांगितला नव्हता. वहिनींना तो ठाऊक असायचं कारण नव्हतं.

ती हॉलमध्ये आली. दादा कोचावर रेलला होता, पाय समोर पसरून. विहीणबाई जरा खडूसच दिसतात असं काहीतरी तो म्हणाला.

"दादा, खुर्ची कुठे गेली असं तू आईला सांगितलं होतंस?"

दादाने आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. ठकीला उत्तर तिथेच मिळालं.

"तिला वाईट वाटू नये म्हणून बोललो गं," तो म्हणाला. मग एकदम पुष्कळ बोलायला लागला. साहेब येणार होते, बढतीचं चाललं होतं, तो सोफा चांगला महागाचा होता, आईला आवडेल असं त्याला खरंच वाटलं होतं. कोण पडणार हे कुणाला आधी कळतं का? आणि इतक्या वर्षांनी हे उकरून कुणाचं भलं होणार?

"ती माझ्यावर रुसून गेली," ठकी म्हणाली.

"असं नको बोलूस. ये इकडे." दादा तिच्याकडे यायला म्हणून उठू लागला. पोट आडवं आलं. त्याने पुढे झोका घेतला आणि परत मागे गेला. दुसरा घेतला, पुन्हा तेच. त्याचा चेहरा घामाने डबडबला आणि त्याने हात पुढे केला. "ठके, हात दे जरा."

हाच हात धरून ती रस्ता ओलांडायला शिकली होती. तिने पर्स खांद्याला लावली आणि दोन्ही हात पर्सच्या पट्ट्यावर ठेवले.

"माझा हात तुला परत लागायचा नाही," ती म्हणाली. "उठ तुझा तू."

ती दार उघडून बाहेर पडली तेव्हा दादा हाक मारत होता, आधी तिला, मग वहिनींना. जिना उतरेपर्यंत कुणी त्याला ओ दिल्याचं तिला ऐकू आलं नाही.

त्यानंतर दादाचे फोन येत राहिले. तिने एकही उचलला नाही. एकदा तो दुकानात आला, तेव्हा ती गिऱ्हाइकाशी बोलत राहिली, आणि तो ताटकळून निघून गेला. त्याचा चेहरा बघून तिला दया आली नाही. खरं तर तिला वाटलं होतं तितका त्रासही झाला नाही, कारण राग तोच होता, जुना, मुरलेला, फक्त त्या रागाने घर बदललं होतं. अवघड गेलं ते वहिनींवरचा राग सोडणं. सवयीने तो अजून वर यायचा, आणि मग तिला स्वतःला आठवण करून द्यावी लागायची.

लग्न नीट पार पडलं. विहीणबाई त्या घरी पुन्हा आल्या की नाहीत ते ठकीने विचारलं नाही.

एका दुपारी वहिनी पुन्हा चौकट धरून दुकानाची पायरी चढल्या. या खेपेला ठकीने पुढे होऊन त्यांचा दंड धरला. माफीचं वगैरे कुणीच काही बोललं नाही. वहिनी म्हणाल्या की त्यांना स्वतःसाठी खुर्ची हवी आहे.

ठकीने एकामागून एक पाच-सहा खुर्च्या पुढे ओढल्या. प्रत्येक उलटी करून दाखवली, सांधे दाबायला लावले, नाक लावून वास घ्यायला लावला. वहिनींना एक गुलाबी कापडाची फार आवडली, पण तिची बैठक पुढून उंच होती आणि मांडीखाली रुतत होती. ठकीने ती बाजूला केली. शेवटी एका वाचनालयातून आलेली तपकिरी खुर्ची पुढे आली. पाठ रुंद, बैठक भरीव, हात सपाट आणि पंजा मावेल एवढे. वहिनी बसल्या, आणि ठकीने त्यांच्या हातात चहा दिला.

"दिसायला काही खास नाही ही," वहिनी म्हणाल्या.

"नाही."

चहा पिऊन झाल्यावर वहिनी उठल्या. हात टेकावे लागले, पण एकदाच, आणि चेहऱ्यावर कसला ताण आला नाही. त्या परत बसल्या, परत उठल्या. मग म्हणाल्या की हीच पाठव.

ठकीने विचारलं, त्या कोचाचं काय करायचं. पाय लावून उंच करून देईन, नाहीतर परत घेईन. स्प्रिंगा मुद्दाम मऊ घातल्यात, वर्षभरात अजून खाली बसेल तो, हेही तिने सांगून टाकलं.

वहिनींनी रिकामा कप बाजूला ठेवला.

"असू दे तसाच. तुझा दादा रोज त्याच्यावरच बसतो, दुसरीकडे त्याला करमत नाही. मग मला हाका मारतो, उठव म्हणून."

"मग?"

"मी असते स्वयंपाकघरात. नळ चालू असतो, ऐकू येत नाही." वहिनींनी पुन्हा खुर्चीत बसून दोन्ही पंजे तिच्या हातांवर ठेवले. "बसू दे की खाली. जितका बसायचाय तितका बसू दे."

ठकीने त्यांचा कप पुन्हा भरला.